चाप कडक

माझ्या नाकावर राग असतो हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको. गल्लीत मला कडक सासू म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, पण आमच्या दुकानाची आणि शेजारच्या टेलरची भिंत एकच, आणि ती इतकी पातळ की पलीकडे सुई पडली तरी इकडे कळतं. मला सगळं ऐकू येतं. ऐकू आलं की मी मुद्दाम हातोडी दोनदा जास्त आपटते.

दुकान म्हणजे पुढच्या खोलीत शिलाई मशीनची दुरुस्ती आणि मागच्या खोलीत एअर रायफली. हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या, नेमबाजीच्या. लोक विचारतात, या दोघांचं नातं काय? अहो, दोन्हींत बारीक स्क्रू, दोन्हींत रुसून बसणाऱ्या स्प्रिंगा, आणि दोन्हींची गिऱ्हाइकं येऊन एकच वाक्य म्हणतात: मी काहीच केलं नाही, आपोआप बिघडलं.

हा धंदा माझ्या सासऱ्यांचा. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, तार ऑफिसात नोकरी धरली आणि स्क्रू ड्रायव्हरला जन्मात हात लावला नाही. मग सासऱ्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलं कोण, तर मी. आधी नुसतं धरायला, मग पुसायला, मग जुळवायला. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. माणूस देवासारखा, पण कौतुकाच्या नावाने ठणठणाट. काम कितीही सुंदर होऊ दे, चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच म्हणायचे, "चालेल." मी त्या 'चालेल'वर बावीस वर्षं काढली आणि पुढे मीही तेच शिकले. माझ्या तोंडून शाबासकी निघत नाही. निघायला आली की घशात अडकते आणि तिच्या जागी खेकसणं बाहेर पडतं.

आमच्या ह्यांची तऱ्हा आणखी निराळी. गल्ली ह्यांना अजूनही तारमास्तर म्हणते. तीस वर्षं ह्यांनी लोकांच्या सुखदुःखातले शब्द कापले. कुणी लिहून आणायचं, 'आजोबा काल पहाटे झोपेतच शांतपणे गेले', हे त्याचं 'आजोबा गेले' करून द्यायचे आणि वर सांगायचे की मजकूर तोच आहे. पुढे तारा गेल्या, नोकरी संपली, कात्री मात्र ह्यांच्याकडेच राहिली. दुकानाच्या दारामागे एक पाटी टांगलेली आहे. कुणाचा फोन आला, कुणी निरोप ठेवला, की हे खडूने त्या पाटीवर लिहितात. एकदा मी बाहेरून आले तर पाटीवर होतं, 'गेलो. दूध.' मला वाटलं, दूध आणायला गेले. निवांत बसले. दूध गॅसवर होतं. पातेलं अजून काळं आहे.

तर अशा या घरात दीड वर्षापूर्वी सून आली. मुलगा बोटीवर इंजिनिअर, सहा महिने घरी आणि सहा महिने पाण्यात. तो निघून गेला की उरलो आम्ही तिघं. ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. बोलणं बेताचं, चालणं मांजरीसारखं. मला आधी वाटलं, ही मला घाबरते. मग वाटलं, हिला मी आवडत नाही. विचारणार कसं? मी आपली खेकसत राहिले.

ती नेमबाज आहे हे लग्नाआधीच कळलं होतं. पण तिची रायफल माझ्या टेबलावर आली ती यंदा, आणि तीसुद्धा तिने आपणहून आणली नाही. झालं असं की तिची निशाणाची कार्डं मी रद्दीत पाहिली. गोल गोल रेघांचं कार्ड, मधोमध दहाचा ठिपका. बाईसाहेबांची भोकं बघावीत तर एकमेकांना चिकटून, झकास, पण सगळीच्या सगळी ठिपक्याच्या डावीकडे सरकलेली. दहा कार्डं पाहिली, दहाही तशीच. डोळा चुकत असता तर भोकं विखुरली असती. मी तिला हाक मारली आणि म्हटलं, हात दाखव.

तिला वाटलं मी भविष्य बघतेय. हात पुढे केला. छोटासा हात, लहान मुलीसारखी बोटं. मग मी रायफल मागवली आणि तिला धरायला सांगितली. झालं, उत्तर समोरच होतं. चापापर्यंत तिचं बोट पुरतच नव्हतं. टोकाने कसंबसं ओढायची, आणि टोकाने ओढलं की बोट सरळ मागे येत नाही, बाजूला ढकलतं. प्रत्येक छर्रा डावीकडे ढकलला जात होता. कारखान्यातून येणारा चाप एका मापाचा असतो, आणि तो कुणा धिप्पाड बाप्याच्या हाताचं माप घेऊन केलेला.

मी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, क्लबची रायफल आहे, तिला नावं कशी ठेवू.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. क्लबात बारा रायफली आणि मागणारे चाळीस. म्हणून नियम असा की रायफल दोन हंगामांसाठीच मिळते. तेवढ्यात क्लबच्या पाच जणांच्या संघात आलात तर ती कायम तुमच्याकडे, नाहीतर रांगेतल्या पुढच्याला द्यायची. सुनेचा हा दुसरा हंगाम. मागच्या वेळी एका गुणाने हुकलं होतं. चार जागा ठरल्या होत्या आणि पाचवीसाठी ती आणि बाजारातला फुलवाला, दोघंच उरले होते. फैसला तीन आठवड्यांनी, रविवारी, चाळीस छर्ऱ्यांत. तिने हे सांगितलं ते बाजारभाव सांगावा तशा आवाजात, पण सांगताना रायफलीचा दस्ता दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी खेकसले, "उभी काय राहतेस, दिवा लाव टेबलावरचा."

क्लबाची लेखी परवानगी काढून मी दुसऱ्या कंपनीचा सुटा चाप मागवला. तो आला त्या दिवशी मी टेलरला मशीन उद्या मिळेल म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं ओढलं. रायफल रिकामी आहे ना, हे तीनदा बघायचं, ही सासऱ्यांची पहिली शिकवण. मग दस्ता सोडवायचा, दोन पिना ठोकून बाहेर काढायच्या, जुना चाप अलगद उतरवायचा आणि नवा बसवायचा. सांगायला चार वाक्यं, करायला सगळी दुपार. या नव्या चापाची गंमत ही की त्याची पाती एका छोट्या सळईवर पुढे-मागे सरकते आणि थोडी तिरकीही होते. म्हणजे बोटाने चापाकडे जायचं नाही, चापाने बोटाकडे यायचं.

पण बसवणं सोपं, जुळवणं अवघड. चांगल्या चापाचे दोन टप्पे असतात. पहिला मोकळा, बोट सहज मागे येतं. मग बोटाला एक उंबरठा लागतो. तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, नेम पाहायचा, आणि उंबरठा ओलांडला की छर्रा सुटला. तो उंबरठा किती जड हवा, त्याचा एक स्क्रू असतो. तांदळाच्या दाण्याएवढा. तो आवळला की चाप जड, सैल केला की हलका. फार जड केला तर ओढताना नेम हलतो, फार हलका केला तर नेम लागायच्या आधीच छर्रा पळतो. शिवाय क्लबाचा नियम, चापाने अर्धा किलो वजन पेललंच पाहिजे. सामन्याच्या आधी रायफल उभी धरतात, चापाला अर्ध्या किलोचं वजन लटकवतात, एकदा नाही, तीनदा. एकदा जरी चाप सुटला तरी रायफल बाद.

सहा संध्याकाळी आम्ही दोघी त्या टेबलापाशी होतो. ती दुकानातून सहाला यायची, हातपाय धुऊन समोर बसायची आणि रिकाम्या रायफलीचा चाप ओढायची. थोडा जवळ. नाही, थोडा लांब. आता तिरका वाटतो. मी सरकवायची, आवळायची, वजन लटकवायची. सासऱ्यांची दुसरी शिकवण, दहा वेळा लटकव, दहाही वेळा पेललं तरच हात झटक. तिने एकदाही कंटाळा केला नाही. तिचे डोळे मिटलेले असायचे आणि बोट तेवढं जागं. खरं सांगते, मी दिवसभर सहा वाजायची वाट बघायला लागले होते. टेलरने विचारलंसुद्धा, हल्ली हातोडी आपटत नाही, बरं नाही का?

शुक्रवारी चाप जुळला. अर्धा किलो आणि वर तीस ग्रॅम माझ्या पदरचे, उगीच धोका नको म्हणून. दहा वेळा लटकवलं, दहाही वेळा पेललं. ती काही बोलली नाही, फक्त रायफल पिशवीत घालताना एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चालेल."

शनिवारी ती सकाळी क्लबात सराव करून आली, रायफल मागच्या खोलीत ठेवली आणि कामावर गेली. मी तेव्हा घरी नव्हते. टेलरच्या मशीनचा पट्टा तुटला म्हणून बोलावणं आलं होतं. परत आले ती थेट पाटीवर नजर. पाटीवर ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात दोन शब्द होते.

'चाप कडक.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांना विचारलं, हे कोण म्हणालं? हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, सूनबाई. निरोप ठेवून गेली. मी म्हटलं, आणखी काही? हे म्हणाले, मजकूर तोच आहे.

आमच्या धंद्यात कडक चाप म्हणजे काय, तर बोट दुखवणारा, ओढताना नेम हलवणारा, वाईट जुळवलेला चाप. बावीस वर्षं सासऱ्यांनी एकदाही माझ्या कामाला कडक म्हटलं नव्हतं. सहा संध्याकाळी मी पाठ मोडून घेतली, शुक्रवारी तिने स्वतः ओढून बघितला, तेव्हा तोंड शिवलं होतं का? आणि आता सामना उद्यावर आल्यावर पाटीवर निरोप? समोर बसून सांगायला मी काय खाणार होते तिला? रागापेक्षा मला वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटतंय हे मला नेहमीच उशिरा कळतं. आधी राग येतो आणि तो सगळी जागा अडवून बसतो.

मी टेबलाशी बसले. रायफल रिकामी आहे ना ते तीनदा बघितलं, तेवढं मात्र हातात भिनलेलं आहे. बारकी अ‍ॅलन की, सहा कोनांची किल्ली, घेतली आणि तो दाण्याएवढा स्क्रू सैल केला. किती केला? पाव फेरा असेल, थोडा जास्तही असेल. रागात माणूस मोजत नाही. घे बाई, घे हलका. मग अर्ध्या किलोचं वजन लटकवलं. पेललं. एकदाच लटकवलं. तेवढ्यात पुढच्या खोलीत गिऱ्हाईक आलं, मी रायफल पिशवीत घातली, चेन ओढली आणि उठले.

रात्री जेवताना मी तिच्याशी बोलले नाही. सकाळी ती निघाली तेव्हा दारात थांबली आणि विचारलं, आई, तुम्ही येताय ना? मी म्हटलं, मला कामं आहेत. ती बरं म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून गेली. चालीत आज मांजर नव्हती, चक्क उड्या होत्या. मला कळेना, ही इतकी खूश कशाने.

चहा घेताना हे आपणहून म्हणाले, "आज पोरगी मारणार बघ. काल इतकी आनंदात होती. दोनदा म्हणाली, आईंना सांगा, चाप एकदम कडक झालाय, आता त्याला अजिबात हात लावू नका."

मी कप खाली ठेवला. मी विचारलं, काय म्हणाली? ह्यांनी पुन्हा सांगितलं, अक्षर न अक्षर. ह्यांची आठवण पक्की आहे, खोट आहे ती फक्त खडूत. मी म्हटलं, मग पाटीवर एवढंच का लिहिलंत?

"बारा शब्द होते," हे म्हणाले. "दोनात बसवले."

ह्यांच्या आवाजात अभिमान होता. मी ह्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'कडक' तिने कोणत्या अर्थाने म्हटलं ते मला तेव्हाही उमगलं नव्हतं. पण 'हात लावू नका' समजायला काय डोकं लागतं? मी हात लावला होता. आणि वजन लटकवलं होतं एकदा. दहाच्या ऐवजी एकदा. मी अ‍ॅलन की पदरात बांधली, स्कूटर काढली आणि ह्यांना म्हटलं, बसा मागे. अर्ध्या किलोचं वजन ह्यांच्या मांडीवर दिलं. हे विचारत होते, अगं पण झालं काय? मी म्हटलं, तुमच्या दोन शब्दांनी दोन हंगाम पाण्यात घातलेत, आणि गाडी सोडली.

क्लब म्हणजे एक जुनं गोदाम आहे. लांबलचक, गार, आत बोललं की आवाज घुमतो. दारातून शिरलं की एक टेबल आणि टेबलामागे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, त्यांना सगळे वजनकाका म्हणतात. सगळ्यांच्या रायफलींना चाप तपासून पिवळी चिठ्ठी बांधतात. त्यांच्यापुढे दोरी, दोरीच्या आत फक्त नेमबाज. मी पोचले तेव्हा सून दोरीच्या आत भिंतीशी उभी होती. रायफल छातीशी, पिवळी चिठ्ठी नाही. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

वजनकाकांनी सांगितलं, पहिल्यांदा पेललं, दुसऱ्यांदा पेललं, तिसऱ्यांदा सुटला. माणूस चांगला होता, त्यांनाच वाईट वाटत होतं. म्हणाले, नियमाने अजून एक तपासणी मिळते, पण तिची पाळी वीस मिनिटांत आहे. मी पदराची गाठ सोडत म्हटलं, द्या रायफल, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांनी मान हलवली. दोरीच्या आत आलेल्या रायफलीला नेमबाजाशिवाय कुणी हात लावायचा नाही. तेही नियमात होतं.

मी दोरीला टेकले आणि सुनेला जवळ बोलावलं. आजूबाजूला फुलवाला होता, सेक्रेटरी होते, दहा-बारा माणसं होती. नेहमीचं खेकसणं तोंडाशी आलं होतं. पण या वेळी मी ते बाहेर सोडलं नाही.

"मी फिरवला तो स्क्रू," मी म्हणाले. "काल संध्याकाळी, रागात. चूक माझी आहे."

"राग कशाचा, आई?"

"तू चाप कडक म्हणालीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो आई, कडक म्हणजे भारी."

"भारी म्हणजे जडच ना? मग मी हलका केला तर बिघडलं काय?"

ती हसली. त्या तसल्या वेळी, वीस मिनिटं उरलेली असताना, ती पोट धरून हसली. फुलवाला दचकून वळला. मला काहीच समजेना. मग तिने डोळे पुसले, दोरीवरचा माझा हात धरला आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं.

"आई, छान. छान झालाय, असं म्हणत होते मी. इतका छान चाप मी आजवर ओढला नव्हता."

मी काय सांगू तुम्हाला. सासऱ्यांच्या टेबलाशी बसल्यापासून आजपर्यंत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा आलं तेव्हा ते पाटीवर होतं, खडूने लिहिलेलं, आणि मी ते शिवी समजून वाचलं. ओळखणार कसं? कधी पाहिलंच नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही, वेळच नव्हता.

मी अ‍ॅलन की दोरीवरून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आवळायचा आहे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. ती म्हणाली, किती? तिथेच तर घोडं अडलं होतं. मी किती सैल केला ते मलाच माहीत नव्हतं. पाव फेरा म्हणावं तर कमी पडला असता, अर्धा म्हणावं तर चाप खरोखरचा कडक झाला असता. माझ्या अर्थाने कडक. आणि चाळीस छर्रे तिला त्याच चापाने मारायचे होते.

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "तुझं बोट सांगेल. कालच्यासारखा लागेपर्यंत फिरव."

तिने आजवर एकाही स्क्रूला हात लावला नव्हता. ती जमिनीवर मांडी घालून बसली, रायफल मांडीवर घेतली, रिकामी आहे ना ते बघितलं. एकदा. दोनदा. तीनदा. मी हे तिला कधी शिकवलं नव्हतं, ती समोर बसून बघत होती एवढंच. मग केसभर स्क्रू फिरवला, डोळे मिटले, चाप ओढला. मान हलवली. पुन्हा केसभर. पुन्हा ओढला. माझ्या शेजारी हे वजन हातात धरून उभे होते, आणि एकही शब्द बोलत नव्हते, तो एक ह्यांचा गुणच म्हणायचा. सातव्या की आठव्या वेळी तिचं बोट उंबरठ्यापाशी थांबलं आणि तिथेच राहिलं. तिचा चेहरा सैल झाला.

"हा," ती म्हणाली. "हाच."

मी म्हटलं, दहा वेळा लटकव. ह्यांनी आमचं वजन दोरीवरून पुढे केलं. वजनकाकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बाजूला झाले. तिने दहाही वेळा लटकवलं, दहाही वेळा पेललं. मग काकांनी त्यांचं वजन घेतलं आणि तीनदा लटकवलं. तिसऱ्या वेळीही चाप सुटला नाही. वजन हवेत झुलत राहिलं. काकांनी पिवळी चिठ्ठी बांधली.

सामन्याचं मला विचारू नका, मी निशाणाकडे पाहिलंच नाही. चाळीस छर्रे मी तिच्या एका बोटाकडे बघत उभी होते. बोट मागे यायचं, थांबायचं, आणि मग असं सरळ यायचं की बघत राहावं. फुलवालाही काही कमी नव्हता, बिचारा घामाघूम झाला होता. शेवटी सेक्रेटरींनी कागद वाचला. दोन गुणांनी आमची पोरगी पाचवी. फुलवाला येऊन तिच्याशी हात मिळवून गेला आणि मला हळूच विचारून गेला की माझाही चाप बघाल का. मी म्हटलं, रांग आहे. मग तिची कार्डं हातात आली. भोकं मधल्या ठिपक्याभोवती, एकमेकांच्या अंगावर चढलेली. डावीकडे एकही नाही.

तिने विचारलं, "कसं झालं, आई?"

'चालेल' अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "फार सुंदर मारलंस. आणि चाप माझ्यापेक्षा चांगला जुळवलास." कान लाल झाले माझे. तिचेही झाले.

रविवारी संध्याकाळी बोटीवर मुलाला निरोप जातो. हे आधी पाटीवर मजकूर जुळवतात, मग मोबाइलवर टाकतात. मी बाहेर आले तर पाटीवर लिहून झालं होतं, 'संघात. ठीक.' मी ह्यांच्या हातातला खडू घेतला, पाटी पुसली आणि स्वतः लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही, ओळी वरखाली झाल्या.

'आज तुझी बायको संघात आली. चाप तिने स्वतःच्या हाताने जुळवला. काल तो मी रागात बिघडवला होता. ती मला छान म्हणाली होती आणि मला ते कळलंच नाही.'

हे मागे उभं राहून बोटांवर मोजत होते. बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. म्हणाले, सव्वीस झाले, आठ तरी कापता येतील. मी म्हटलं, एक जरी कापलात तर उद्यापासून चहा स्वतः करायचा. ह्यांनी बोटं मिटली. सून आतून आली होती, हातात ओला कप तसाच धरून पाटी वाचत होती. वाचून झालं तरी ती हलली नाही.

मग ह्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे खडू मागितला आणि अगदी खाली, कोपऱ्यात, टपोऱ्या अक्षरात एक शब्द वाढवला. 'कडक.' सुनेकडे वळून विचारलं, बरोबर वापरला ना? तिने मान हलवली. सत्तावीस झाले, आणि त्या दिवशी ह्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस पाठवले.